डिजिटल डिटॉक्स आणि माइंडफुलनेस: फोन बाजूला ठेवणं वेगळं, मनाकडे पाहणं वेगळं

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात. दीड तासाने दुसरा भोंगा झाला की बंदी उठते. कोरोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून २०२२ मध्ये गावाने मिळून हा नियम केला. तिकडे इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसायचं तर आधी फोन जमा करावा लागतो. लांबून पाहणाऱ्याला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते: फोन गेला आणि शांतता आली. म्हणूनच कॉलेजातली मुलं ‘आठवडाभर इन्स्टा काढून टाकलं होतं’ हे माइंडफुलनेसच्या खात्यात टाकतात, आणि आठव्या दिवशी ॲप परत आलं की ‘आपल्याला ते जमत नाही’ असं ठरवून मोकळी होतात. खरं तर त्यांनी ते करून पाहिलेलंच नसतं. त्यांनी केलेला असतो तो डिजिटल डिटॉक्स, म्हणजे ठरावीक काळ फोन किंवा ॲप दूर ठेवणं. माइंडफुलनेस म्हणजे सजगता, आपलं मन आत्ता काय करतंय ते पाहणं.

वडगावचा भोंगा बाहेरची परिस्थिती बदलतो. मनाने काय करावं, याबद्दल तो काहीच सांगत नाही आणि त्याने सांगायची गरजही नाही. त्याची ताकद वेगळीच आहे: सगळं गाव एकाच वेळी थांबतं. एकट्या मुलाने फोन कपाटात ठेवला तर ग्रुपवर काय चाललं असेल, ही चुटपुट त्याला लागते. सगळ्यांनीच ठेवला तर ग्रुपवर काही चाललेलंच नसतं. होस्टेलच्या एका खोलीतल्या तिघांनी मिळून रात्री अकरानंतर फोन बाहेरच्या टेबलावर चार्जिंगला लावायचं ठरवलं, तर हाच नियम छोट्या प्रमाणावर चालतो. एकेकट्याने घेतलेल्या शपथेपेक्षा तो टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

इगतपुरीत मात्र फोन जमा करणं ही साधनेच्या आधीची तयारी आहे. साधना त्यानंतर सुरू होते. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचं. मन पळतं, ते पळालंय हे लक्षात येतं, परत आणायचं, पुन्हा पळतं. चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना पाहायच्या आणि मग तासभर हालचाल न करता बसायचं. खाज सुटते, पायाला मुंग्या येतात, पण हात लगेच पुढे करायचा नाही. ती खाज वाढते, टिकते, ओसरते, हे स्वतः पाहायचं. फोन तिथे नाही, पण फोनकडे हात नेणारी जी ओढ असते, तिच्याच जातीच्या ओढीशी तिथे तासन्‌तास गाठ पडते.

आज दवाखान्यांत आणि विद्यापीठांत माइंडफुलनेस म्हणून जे शिकवलं जातं, त्याचा मोठा भाग जॉन कबाट-झिन यांच्या कामातून आला. बौद्ध ध्यानपरंपरेतून त्यांनी ही पद्धत घेतली आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून बसवली. समोर जे घडतंय त्याकडे जाणीवपूर्वक आणि बरं-वाईट न ठरवता लक्ष देणं, असा त्याचा गाभा. त्यांच्याकडे येणाऱ्यांत जुनाट दुखणी असलेले, औषधांनी पूर्ण आराम न पडलेले रुग्ण बरेच होते. पाठ दुखते म्हणून कोणी पाठ काढून ठेवू शकत नाही. ती दुखत असताना मनाने काय करायचं, हे ते शिकत होते.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण कॉलेजच्या मुलांचा फोनही आता काढून ठेवण्याजोगा राहिलेला नाही. प्रॅक्टिकलची बॅच कधी, ते व्हॉट्सॲपवर कळतं. नोट्स पीडीएफमध्ये येतात. मेसचे पैसे फोनवरून जातात आणि घरचा फोनही त्यावरच येतो. जे दूर ठेवता येतं त्याला डिटॉक्स पुरतो. जे दूर ठेवताच येत नाही त्याच्यासाठी माइंडफुलनेस आहे.

अभ्यासाला बसलेल्या मुलीचं उदाहरण घ्या. सांख्यिकीचं गणित अडतं. क्षणभर अस्वस्थ वाटतं आणि काही विचार करायच्या आत अंगठा रील्सवर पोचलेला असतो. फोन दुसऱ्या खोलीत असता तर हात रिकामा परतला असता, आणि ही अस्वस्थता खाऊच्या डब्याकडे किंवा शेजारच्या खोलीतल्या गप्पांकडे वळली असती. वेळ कदाचित वाचला असता, पण हात का उठला ते तिला कळलं नसतं. सजग असणं म्हणजे तो मधला क्षण सापडणं: ‘गणित अडलंय, छातीत घट्ट वाटतंय, म्हणून हात फोनकडे चाललाय.’ व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट ओढीला लाटेची उपमा देत. तिच्याशी झुंजायचं नाही आणि तिच्याबरोबर वाहतही जायचं नाही, ती चढून उतरेपर्यंत तिच्यावर राहायचं. हे पाहून झाल्यावर मुलीने फोन उघडला, तरी ती त्या वेळी सजगच आहे. अनेकांना हे पटत नाही, पण सजग माणूस तासभर फोन वापरू शकतो आणि फोन बंद ठेवलेला माणूस तासभर स्वतःच्या काळज्यांत हरवून बसू शकतो.

याला आधार आहे. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आयफोनवरच्या ॲपमधून २,२५० प्रौढांना दिवसात अधूनमधून विचारलं होतं, की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. कामात असो, प्रवासात असो, मन भटकतच होतं. फोन काढून घेतला म्हणजे लक्ष आपोआप जागेवर येईल, ही आशा म्हणूनच फोल आहे.

रील्स पाहताना वाटणाऱ्या गुंगीलाही काही जण ध्यान समजतात, कारण त्या वेळी डोक्यात विचार नसतात. तिथे विचार दबलेले असतात, पाहिलेले नसतात. फरक कळायला सोपी खूण आहे: शेवटच्या पाच रील्स कशावर होत्या, ते आठवून पाहा.

विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. सजगतेच्या प्रश्नावलीत ज्यांचे गुण जास्त, त्यांची फोनबाबतची तक्रार कमी. पण बहुतेक पाहण्या एकदाच केलेल्या आणि मुलांच्या स्वतःच्या सांगण्यावर बेतलेल्या. सजगतेमुळे फोन सुटतो, की फोनमध्ये कमी अडकल्याने सजगता टिकते, हे त्यांतून ठरत नाही. शिवाय या कामी नेहमी वापरली जाणारी २००३ ची पंधरा प्रश्नांची प्रश्नावली मुख्यतः ‘लक्ष नसताना आपोआप कामं उरकता का?’ हेच फिरवून-फिरवून विचारते. न कळत फोन उचलणं त्यातच मोडतं. त्यामुळे दोन्हींचा संबंध दिसला, तर त्यात नवल ते काय! ‘व्यसन’ हा शब्दही जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचं व्यसन असा वेगळा आजार नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितक्याच कळकळीने सांगायची आहे. सगळा भार मुलांच्या मनावर टाकणं अन्यायाचं आहे. खाली सरकवत राहा, पान संपतच नाही, ही रचना २००६ मध्ये एझा रास्किन यांनी तयार केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. पूर्वी पान संपायचं, तिथे थांबायला जागा असायची. ती जागाच काढून टाकल्यावर ‘तू सजग राहा’ एवढंच मुलाला सांगून कसं भागेल? रात्री साडेबाराला थकलेल्या मनाकडून सजगतेची अपेक्षा करू नये. तिथे भोंगाच हवा: फोन खोलीबाहेर, उठवायला साधं गजराचं घड्याळ. दिवसा, फोन हाताशी असणं भाग असताना, अनलॉक करण्यापूर्वी एक श्वास आणि एक प्रश्न: कशासाठी उघडतोय? उत्तर ‘असंच’ आलं तरी चालेल, ते ऐकलं म्हणजे झालं. हा सराव रोज नोटिफिकेशन पाठवून सलग दिवस मोजणाऱ्या ॲपवर मात्र सुरू करू नये. फोनकडे बोलावणारी आणखी एक हाक तेवढी वाढते.

काहींना शांत बसल्यावर उलट घाबरल्यासारखं होतं, जुन्या आठवणी अंगावर येतात. त्यांनी जोर न लावता सराव थांबवावा आणि जाणकाराशी बोलावं. झोप उडाली असेल, कॉलेजला जाणं सुटलं असेल, तर डिटॉक्स आणि ध्यान दोन्ही अपुरे पडतात. मानसिक आरोग्यासाठी असलेल्या सरकारच्या ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळा बाह्यरुग्ण विभागही आहे.