रूटिंग सेवेची निदान-नोंद (विंडोज सर्व्हर)

विंडोज सर्व्हरवरील ‘रूटिंग अँड रिमोट ॲक्सेस’ (आरआरएएस) या सेवेच्या आत काय घडते आहे, ते फायलींत टिपून ठेवण्याची सोय. प्रशासक तिला ‘ट्रेसिंग’ म्हणतात. नेटवर्कांमध्ये पॅकेटे (माहितीचे तुकडे) पुढे पाठवणे, नॅट (आतल्या संगणकांचे पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणे) आणि व्हीपीएनच्या (इंटरनेटवरून खाजगी नेटवर्कात येण्याच्या वाटेच्या) जोडण्या स्वीकारणे ही या सेवेची कामे. मायक्रोसॉफ्टने ही सेवा १९९७ मध्ये विंडोज एनटी ४.० साठी ‘स्टीलहेड’ या सांकेतिक नावाने आणली. विंडोज २००० पासून ती सर्व्हरबरोबरच येते.

नोंदीचे दोन थर आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. सेवेच्या गुणधर्मांतील ‘लॉगिंग’ टॅबवर फक्त चुका, चुका व इशारे, सर्व घटना किंवा काहीच नाही, असे चार पर्याय मिळतात. हा पहिला थर; या नोंदी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घटना दाखवणाऱ्या साधनात) जातात. जोडणी तुटली एवढे त्यांतून कळते. का तुटली, हे बहुधा कळत नाही. त्यासाठी दुसरा थर, म्हणजे ट्रेसिंग. ते चालू करायला त्याच टॅबवर तळाशी डीबगिंगकरिता जादा माहिती नोंदवण्याचा चौकोन आहे. तेच काम नेटशेल या आज्ञा देण्याच्या साधनाच्या ‘रास’ (रिमोट ॲक्सेस) विभागातून सेवेच्या सर्व घटकांसाठी एका आज्ञेत होते. एकच घटक हवा असेल, तर रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातील) ‘ट्रेसिंग’ कीखाली त्या घटकाचे ‘एनेबलफाइलट्रेसिंग’ हे मूल्य १ करतात. फायली विंडोज फोल्डरातील ‘ट्रेसिंग’ या उपफोल्डरात तयार होतात.

या फायलींचे मोल एका नेहमीच्या बिघाडातून पटते. पीपीटीपी या जुन्या प्रकारच्या व्हीपीएनला जोडणीच्या नियंत्रणासाठी टीसीपी पोर्ट १७२३ आणि प्रत्यक्ष माहिती वाहून नेण्यासाठी जीआरई (आयपी प्रोटोकॉल क्रमांक ४७) दोन्ही लागतात. पुष्कळदा फायरवॉलवर पोर्ट उघडतात आणि जीआरई राहून जातो. मग वापरणाऱ्याच्या पडद्यावर ‘त्रुटी ७२१’सारखा (समोरच्या संगणकाने उत्तर दिले नाही, असा) संदेश उमटतो आणि बिचारा पासवर्ड बदलत बसतो. सर्व्हरवरची पीपीपीची (दोन टोकांत जोडणी जुळवणाऱ्या घटकाची) फाइल उघडली, तर वाटाघाटीची पहिलीच विनंती पुन्हापुन्हा गेलेली दिसते, उत्तर मात्र एकही नाही. म्हणजे गाडी पासवर्डपर्यंत पोचलेलीच नाही. दोष वाटेत आहे. पासवर्ड चुकला असता, तर आधीच्या वाटाघाटी पूर्ण होऊन नकार नंतर आलेला दिसला असता.

ट्रेसिंग चालू करून बिघाड पुन्हा घडवून आणावा, नेमकी वेळ टिपावी आणि लगेच फाइलची प्रत काढावी. ही घाई आवश्यक आहे, कारण फाइलची मर्यादा मुळात १ एमबी असते. ती भरली की जुन्या फाइलला ‘ओल्ड’ हे शेपूट लागते आणि नवी फाइल सुरू होते. वर्दळीच्या सर्व्हरवर हवा तो क्षण त्यात हरवून जातो. मर्यादा ‘मॅक्सफाइलसाइझ’ या मूल्याने वाढवता येते.

काम झाल्यावर ट्रेसिंग बंद करतात, कारण ते प्रोसेसर आणि डिस्क दोन्हींवर भार टाकते. फायलींत वापरकर्त्यांची नावे आणि आयपी पत्तेही असतात, म्हणून त्या बाहेर कुणाला पाठवण्यापूर्वी तपासून घ्याव्या लागतात.