बेरिक आणि रशियाचे 'न संपलेले' युद्ध

इंग्लंडमधील बेरिक-अपॉन-ट्वीड हे छोटे गाव कागदोपत्री आजही रशियाशी युद्धात आहे, कारण क्रिमियन युद्धाच्या घोषणेत त्याचे नाव होते आणि तहात ते राहून गेले, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. ही समजूत खरी नाही.

ती पटते, यामागे मात्र खरा इतिहास आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात हे गाव अनेकदा हात बदलत राहिले. १४८२ मध्ये ते अखेरचे इंग्लंडकडे गेले, आणि सोळाव्या शतकातली त्याची जाड तटबंदी आजही उभी आहे. गाव नक्की कोणाचे, हा संशय राहू नये म्हणून जुन्या कायद्यांत त्याचे नाव वेगळे लिहीत. पुढे १७४६ च्या कायद्याने 'इंग्लंड' या शब्दात बेरिक आपोआप धरले जाईल, असे ठरले.

पडताळणी अवघड नाही. मार्च १८५४ ची युद्धघोषणा आणि ३० मार्च १८५६ चा पॅरिसचा तह, दोन्हींचा मूळ मजकूर उपलब्ध आहे. तो शेजारी ठेवून वाचला की दिसते, बेरिकचे नाव तहात नाही, तसे घोषणेतही नाही.