धुराडे, विटांचे : दुरुस्ती व जलरोधन

विटांच्या धुराड्याचा छपरावरील भाग चारही बाजूंनी उघडा असल्याने तो इमारतीच्या इतर बांधकामाआधी खराब होतो. इंग्लंडमध्ये भिंतीतील धुराडी साधारणतः १२ व्या शतकापासून आढळतात. सामान्य घरांत ती बऱ्याच उशिरा, बहुधा १६ व्या शतकाच्या सुमारास रुळली. जुन्या धुराड्यांना आतून चुना व गाईचे शेण कालवून गिलावा करीत. तो सुटला की धूर व ओल थेट दरजांपर्यंत, म्हणजे विटांमधील मसाल्याच्या सांध्यांपर्यंत, पोहोचते.

धुराडी एका बाजूला का कलतात, याविषयी मतभेद आहेत. कोळशाच्या धुरातील गंधकाच्या ऑक्साइडांपासून ओलाव्यात सल्फेटे तयार होतात; पोर्टलंड सिमेंटमधील ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट या घटकाशी त्यांची विक्रिया होऊन एट्रिंजाइट या संयुगाचे स्फटिक बनतात आणि दरज फुगते; फुगलेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेला धुराडे कलते. येथवर वाद नाही. एका मतानुसार पावसाळी वाऱ्याकडची, म्हणजे ब्रिटनमध्ये बहुधा नैर्ऋत्येची, बाजू जास्त भिजून फुगते. दुसऱ्या मतानुसार ऊन न मिळाल्याने सावकाश वाळणारी उत्तरेची बाजू फुगते. ओल टिकेल तोवरच विक्रिया चालते, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले ते १८२४ मध्ये. त्यापूर्वी निव्वळ चुन्यात बांधलेल्या धुराड्यांचा कल या उपपत्तीने उलगडत नाही. तेथे पाया खचणे किंवा आधाराची तुळई कुजणे ही कारणे आधी तपासावीत.

फार कललेले धुराडे दरजा भरून सरळ होत नाही. घट्ट थर लागेपर्यंत उतरवून ते पुन्हा बांधावे लागते. एरवी दरजा रुंदीच्या दुप्पट, सुमारे २० ते २५ मिमी. खोल हाताने खरवडतात, धूळ धुऊन काढतात आणि ओल्या दरजांत जलीय (पाण्यातही घट्ट होणाऱ्या) चुन्याचा मसाला दाबून भरतात. येथे कडक सिमेंट वापरू नये. दरजेतून वाट न मिळालेली ओल विटेतून बाहेर पडते आणि हिवाळ्यात ती गोठून विटेचे पापुद्रे सुटतात.

गळतीचे मूळ बहुधा छपराशी असलेल्या सांध्यात सापडते. तेथे शिशाचा पत्रा किमान १५० मिमी. वर चढवून त्याची कड दरजेत सुमारे २५ मिमी. खोचतात. डांबर किंवा रंग फासल्यास ओल आत कोंडते; सिलेन-सिलॉक्सेन या सिलिकॉनयुक्त जलरोधी द्रव्याचा लेप बाष्प अडवीत नाही, पण तोही दरजा दुरुस्त केल्यावरच द्यावा. वापरात नसलेल्या धुराड्याला टोपी घालताना वर व खाली हवेसाठी झरोका ठेवतात.

मुंबईच्या गिरण्यांच्या उंच धुराड्यांसारख्या बांधकामात पिंपळ रुजतो. मूळ न काढता वरून मसाला थापल्यास फट रुंदावतच जाते.