कावळा नाक्यावरची झेप

पुण्याकडून कोल्हापुरात शिरताना कावळा नाक्यावर महाराणी ताराराणींचा पुतळा लागतो. घोडा मागच्या दोन पायांवर उठलेला, पुढचे पाय हवेत. रवींद्र मेस्त्री यांचं हे काम. मला तो शहरातला सर्वांत देखणा पुतळा वाटतो. पण एवढा बोजा दोन पायांवर तोलायला शिल्पकारांना कित्येक पिढ्या लागल्या.

दगडात हे जमत नाही. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून संगमरवरी पुतळ्याच्या पायाशी झाडाचा बुंधा कोरलेला दिसतो. तांबं आणि कथील मिळून झालेलं ब्राँझ ताण सोसतं, शिवाय आतून पोकळ ओतता येतं. माद्रिदमधल्या स्पेनच्या राजा फिलिप चौथ्याच्या पुतळ्यात (1640) पिएत्रो ताक्काने घोड्याचा पुढचा भाग पोकळ ठेवला, मागचा भरीव. सेंट पीटर्सबर्गमधल्या रशियन सम्राट पीटरच्या घोड्याला (1782) फाल्कोनेने टापांखाली साप दिला. घोड्याची शेपूट त्याला टेकते आणि तिसरा आधार मिळतो. कथेची कथा, टेकूचा टेकू!

तोल साधला म्हणून गती येतेच असं नाही. 1878 साली मायब्रिजने धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रं काढली आणि चारही पाय कधी अधांतरी असतात ते जगाला दिसलं. पॅरिसमध्ये शिल्पकार रोदँ त्याच सुमारास चालणारा संत जॉन घडवत होता. त्याचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले आहेत. चालताना असं कधीच होत नाही, आणि तरीही तो चालतो. रोदँचं म्हणणं असं, की छायाचित्र काळ थांबवतं म्हणून तेच खोटं. पुतळ्यात मागच्या पायाचा क्षण आणि पुढच्या पायाचा क्षण एकत्र असतात, आपली नजर एकावरून दुसऱ्यावर सरकते आणि त्या सरकण्यातच चाल दिसते. या विषयावर याहून मोलाचं काही माझ्या वाचनात नाही. पुढे इटालियन शिल्पकार बोच्चोनीने 1913 मध्ये तर माणसाभोवतीचा वाराच घडवला. पण मूळ काम प्लास्टरचं, ब्राँझ ओतलं गेलं ते त्याच्या मृत्यूनंतर.

महाराष्ट्रात नानासाहेब करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी 1928 चा. कोल्हापूरची वाट मात्र जरा निराळी. इथे सिनेमा आणि शिल्प एकाच घरात वाढले. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार केला, ‘सैरंध्री’ 1920 साली पडद्यावर आणला, आणि मातीतलं कामही सोडलं नाही. शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा त्यांचाच, 1945 चा. हलती चित्रं रिळावर उतरवणाऱ्या या माणसाकडे तिथे ना घोडा होता, ना पाय. मान, खांदे आणि नजर एवढ्यातच सगळं आणायचं होतं.