शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूश, असं नाही

(आंघोळीला, नखं कापायला किंवा मुक्कामाला कुत्रा सोडणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"भाऊ, काही करत नाही हो तो. बघा, शेपूट हलवतोय!" जळगावातल्या आमच्या दुकानात हे रोज ऐकू येतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण हलणाऱ्या शेपटावरून कुत्र्याच्या मनात खळबळ आहे एवढंच कळतं. ती आनंदाची की रागाची, ते बाकीच्या अंगावर दिसतं. शेपटासोबत कंबरही हलतेय, अंग सैल आहे, तर खुशाल जवळ घ्या. शेपूट वर ताठ, नुसतं टोक भरभर हलतंय आणि पाय जमिनीला रोवलेले, तर हात मागेच ठेवा.

इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं, की मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकतं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. मेहरूण तलावावर फिरताना हे नुसत्या डोळ्यांनी टिपायला जाऊ नका, आम्हालाही जमत नाही. पगचं शेपूट तर कायमचं पाठीवर वळलेलं, तिथे वाचणार काय?

म्हणून आम्ही आधी तोंड बघतो. नखं कापायला पंजा हातात घेतला, की आतापर्यंत जीभ काढून धापा टाकणारा कुत्रा तोंड मिटतो. मग नाक चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मान दुसरीकडे वळवतो, पण डोळे आमच्या हातावरच. त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसायला लागतो. इथे आम्ही पंजा सोडतो. एका बैठकीत दोनच पायांची नखं झाली तर रागावू नका, उरलेली पुढच्या वेळी.

एवढं सांगूनही समोरच्याला कळलं नाही, तर तो गुरगुरतो. आणि इथेच घरोघरी चूक होते: गुरगुरला की चापट. हॉर्न काढून टाकला म्हणून गाडी थांबत नाही! मार खाऊन कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती मात्र तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो थेट चावतो. "काही कारण नसताना चावला" म्हणून आमच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांची चौकशी केली, की बहुतेक वेळा हेच निघतं. गुरगुरला तर थांबा, बाजूला व्हा, आणि कशामुळे गुरगुरला ते लक्षात ठेवा.

लहान मुलं गळ्यात हात टाकतात, फोटो काढायचा असतो. बहुतेक कुत्र्यांना ही मिठी आवडत नाही, ते फक्त सहन करतात. मिठीत तो दगडासारखा थिजला तर मुलाला लगेच बाजूला घ्या. खाताना आणि झोपेत तर मुलांनी जवळ जाऊच नये.

आता आपल्या उन्हाचं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांना, बाकी सगळी भिस्त धापांवर. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना धापा टाकणं साहजिक आहे. पण सावलीत बसूनही धापा थांबत नाहीत, जीभ लांब, रुंद लोंबतेय, लाळ चिकट झालीय, झोक जातोय, तर ती भीती नाही, ऊन लागलंय. अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि पशुवैद्यांकडे न्या. उन्हाळ्यात कुत्रा सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावरच आणा.

कुणालाही चावला, नुसता ओरखडा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा.

मुक्कामाचा फॉर्म भरताना "स्वभाव" या रकान्यात नुसतं "चांगला" लिहू नका. कुठे हात लावलेला चालत नाही, फटाक्यांना घाबरतो का, ताटाजवळ कुणी आलं तर काय करतो, ते लिहा. आधी कुणाला चावला असेल तर तेही लिहा. त्यामुळे आम्ही नाही म्हणणार नाही, फक्त त्याची खोली वेगळी ठेवू.