तोल शिकवणारा मेंदूच आजारी पडतो तेव्हा

अटॅक्सिया या विकारात स्नायूंची ताकद बहुधा शाबूत असते, तरीही चालताना झोकांड्या जातात, पेला ओठांशी नेताना हात थरथरत भरकटतो आणि बोलणे अडखळते. परिणामी अनोळखी लोक अशा व्यक्तीला मद्यपी समजतात, ही या आजाराची फार क्लेशकारक बाजू आहे. मूळ बिघाड बहुतेकदा डोक्याच्या मागच्या भागातील लहान मेंदूत, म्हणजेच अनुमस्तिष्कात असतो. मेंदूच्या आकारमानाचा जेमतेम दहावा हिस्सा व्यापणाऱ्या या अवयवात मेंदूतील निम्म्याहून अधिक चेतापेशी असतात. हालचाल योजल्याप्रमाणे झाली का, हे तो पडताळतो आणि चूक आढळल्यास पुढची हालचाल सुधारतो.

सरावातून शिकण्याचे काम ज्याचे, तोच अवयव झिजत असेल तर व्यायामाने काय साधणार, ही शंका त्यामुळे रास्त होती. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी २००९ मध्ये तिचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी १६ रुग्णांकडून चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, एकेक तास समन्वयाचे व्यायाम करून घेतले. एका पायावर उभे राहणे, उभ्याने वळणे, जिने चढणे-उतरणे, तोल जाताच पाऊल टाकून सावरणे आणि पडायचेच झाले तर इजा न होता पडणे, असा तो अभ्यासक्रम होता. रुग्णांचा तोल आणि चाल सुधारली. मात्र ज्यांच्या पायांकडून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनांचे मार्गच निकामी झाले होते, त्यांना लाभ कमी झाला. म्हणून अटॅक्सिया नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे फिजिओथेरपिस्टला आधी ठाऊक असणे आवश्यक आहे.

जपानमध्ये ४२ रुग्णांवर झालेल्या चार आठवड्यांच्या सघन उपचारांतही सुधारणा दिसली, पण पुढच्या सुमारे सहा महिन्यांत अनेकांची स्थिती पुन्हा उपचारांपूर्वीच्या पातळीकडे घसरली. आजार वाढत असतो आणि सराव थांबलेला असतो, हे त्यामागचे उघड कारण मानता येईल. त्यामुळे रुग्णालयातील काही आठवड्यांइतकेच घरी रोज होणाऱ्या व्यायामाला महत्त्व आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या घरगुती व्यायामाने रुग्णांची चाल सुधारली. व्यायाम तोलाची जितकी कसोटी पाहणारा, तितका चालण्यातील फायदा अधिक, असेही त्यात आढळले.

माझ्या मते घरच्यांनी नेमका हाच मुद्दा ध्यानात घ्यावा. रुग्ण पडेल या धास्तीने त्याला कायम खुर्चीत बसवणे, किंवा सहज जमणारा व्यायामच रोज करवणे, यामुळे लहान मेंदूला दुरुस्त करण्याजोगी चूकच मिळत नाही. व्यायाम अवघड हवा, पण जागा सुरक्षित हवी: पाठीमागे भिंतीचा कोपरा, समोर जड, न हलणारी खुर्ची, जवळ सावरायला एक माणूस आणि थकवा जाणवताच विश्रांती. असा व्यायाम जमेनासा झाला, तर फिजिओथेरपिस्ट त्याच कसरती बसून किंवा गुडघ्यांवर उभे राहून करायला शिकवतात.