पाऊस, कारखान्यांचं सांडपाणी आणि पाण्याच्या गुणवत्तेची देखरेख

एखाद्या नदीच्या सगळ्या पाणलोट क्षेत्रात ठरलेल्या जागांवरून पाण्याचे नमुने घेत राहायचे, सोबत पाऊस आणि प्रवाह मोजायचा, आणि पाणी बिघडलंय त्यातलं किती पावसाने धुवून आणलंय आणि किती कारखान्याच्या पाईपातून आलंय ते वेगळं काढायचं, एवढंच हे काम. ऐकायला सोपं आहे. पण दोन्ही गोष्टी नदीत पोचेपर्यंत एकमेकांत मिसळलेल्या असतात, आणि नुसत्या बाटलीतल्या पाण्याकडे बघून काहीच कळत नाही. त्या दिवशी पाऊस किती पडला आणि नदीला पाणी किती होतं हे सोबत लिहिलेलं नसेल तर लॅबचा आकडा अर्धवटच समजायचा.

पाऊस दोन उलट्या गोष्टी करतो. पाईपातून रोज साधारण तेवढंच सांडपाणी येत असेल तर पावसाने ते पातळ होतं, म्हणून क्षार आणि पाण्याची वाहकता (पाण्यातून वीज किती सहज जाते ते, क्षार जास्त तितकी ती जास्त) खाली येते. उलट रस्त्यावरची धूळ, तेल, टायरचा कीस, कारखान्याच्या आवारात उघड्यावर पडलेला कच्चा माल, शेतातलं खत, हे सगळं पावसाशिवाय नदीत येतच नाही, त्यामुळे गढूळपणा, फॉस्फरस आणि जंतू एकदम वर जातात. त्यातही पहिल्या सरी सगळ्यात घाण, कारण आधीचे कोरडे दिवस जितके जास्त तितकं साठलेलं जास्त. बऱ्याच नद्यांत पूर शिगेला पोचायच्या आधीच गढूळपणा शिगेला पोचलेला असतो, म्हणजे चढत्या पाण्यात घेतलेला नमुना आणि तेवढ्याच उतरत्या पाण्यात घेतलेला नमुना यांचे आकडे जुळत नाहीत. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो आणि मशीनला दोष देतो.

म्हणून तीव्रता (लिटरमागे किती) आणि भार (एकूण किती वाहून गेलं) हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. समजा उन्हाळ्यात नदीत सेकंदाला ४ घनमीटर पाणी आहे आणि लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, तर दिवसाला साधारण १.७ टन नायट्रेट वाहून जातं. पुरात तेच प्रमाण २ मिलिग्रॅमवर आलं, रिपोर्ट बघून सगळे खूश, पण प्रवाह ५० घनमीटर झालाय, म्हणजे दिवसाला ८.६ टन. खाली तलाव किंवा खाडी असेल तर तिथे हा भारच जाऊन बसतो.

सांडपाण्याचा जोर मोजायला सगळ्यात जुनं आणि अजून चालणारं माप म्हणजे बीओडी, पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते. बाटली २० अंशाला ५ दिवस ठेवायची ही नेहमीची पद्धत, भारतीय मानकात २७ अंशाला ३ दिवस आहे. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने १९१२ मध्ये लिटरमागे २० मिलिग्रॅम बीओडी आणि ३० मिलिग्रॅम तरंगता गाळ अशी मर्यादा सुचवली, पण ती नदीत सांडपाण्याच्या निदान आठपट पाणी आहे असं धरून होती, आणि ही अट पुढे लोक सोयीने विसरले. नंतर १९२५ मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स या अमेरिकी संशोधकांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून दाखवलं की ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो तो पाईपाच्या तोंडाशी नाही तर खाली काही अंतरावर, कारण कुजायला वेळ लागतो. त्यामुळे पाईपाच्या वर एक, पाईपाशी एक आणि पुरेसं मिसळल्यावर खाली एकदोन, असे पॉइंट निवडतात. काठालगत सांडपाण्याचा पट्टा बराच लांब तसाच वाहत जातो, तो नमुन्यात आला किंवा नाही आला तरी दोन्हीकडून फसगतच.

नमुना कधी घ्यायचा हा त्याहून अवघड प्रश्न. महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला जाऊन बाटली भरली तर वर्षाला १२ नमुने होतात, आणि त्यात एकही जोरदार पाऊस सापडला नाही असं सहज होतं, कारण असे पाऊस वर्षात मोजकेच आणि बरेचदा रात्री पडतात. याला उपाय म्हणजे ऑटोसॅम्पलर, पाण्याची पातळी ठरावीक रेषेच्या वर गेली की तो आपोआप सुरू होतो आणि ठरलेल्या वेळेने एकेक बाटली भरत जातो. जोडीला पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते), वाहकता, गढूळपणा, तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन दर काही मिनिटांनी नोंदवणारे सेन्सर. त्यांच्यावर शेवाळ आणि चिकट थर चढतो आणि आकडे हळूहळू सरकत जातात, म्हणून माणसाने जाऊन पुसणं आणि कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या द्रावणाशी आकडा जुळवून घेणं) करणं चुकत नाही, ऑनलाइन आहे म्हणून खरंच आहे असं काही नसतं.

पावसाचा आडोसा घेऊन टाकीतलं पाणी सोडून देणं हा प्रकार सगळीकडे ओळखीचा आहे, पूर सगळं वाहून नेईल आणि कुणाला कळणार नाही असा हिशोब. पण सेन्सरच्या आलेखात तो बरेचदा उघडा पडतो, कारण पावसात वाहकता खाली यायला पाहिजे, ती मध्येच उसळी मारून वर गेली तर वरच्या अंगाला काहीतरी घडलंय हे नक्की (थंड देशात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथे मात्र ही खूण चालत नाही). नमुना हुकला तरी तळातले किडे साक्ष देतात, मेफ्लाय आणि स्टोनफ्लायच्या अळ्या घाण पाण्यात टिकत नाहीत, त्या अचानक गायब झाल्या तर आधीच्या दिवसांत काय झालं असेल याचा अंदाज येतो.

पाऊस आणि उद्योग एकत्र आले की काय होतं याचं मोठं उदाहरण रोमानियातलं बाया मारे. ३० जानेवारी २००० ला पाऊस आणि वितळलेल्या बर्फाने सोन्याच्या कारखान्याचा गाळाचा बंधारा फुटला आणि सुमारे १ लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी सोमेश, टिसा आणि मग डॅन्यूब या नद्यांमध्ये गेलं. ऱ्हाईन नदीवर १९८६ मध्ये बासेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली तेव्हा तर आग विझवायचं पाणीच कीटकनाशकं घेऊन नदीत उतरलं. त्यानंतर तिथे सतर्कतेची व्यवस्था आणखी कडक झाली, शिंपले आणि पाणपिसवा (पाण्यातले बारीक जीव) यांच्या हालचालींवर लक्ष ठेवणारी यंत्रंही वापरात आली, शिंपला मिटला की अलार्म.

आणि पाईप बंद झाला म्हणजे हिशोब संपला असंही नाही. जड धातू आणि पीसीबीसारखी (विजेच्या उपकरणांत पूर्वी वापरली जाणारी, सहज न विघटणारी) रसायनं तळाच्या गाळाला चिकटून बसतात आणि पुढचा पूर ती परत उकरून काढतो. अमेरिकेतल्या हडसन नदीत पीसीबी सोडणं १९७७ ला थांबलं, गाळ उपसायचं काम मात्र २००९ ते २०१५ पर्यंत चाललं, आणि मासे तपासणं त्यानंतरही चालूच आहे.